एवढं सोडून

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाई विभागात सकाळी मशीन सुरू झाली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे. ऐकू येत असे तो फक्त भोंगाआक्काचा आवाज. वाफेच्या ढगातून, ड्रमांच्या घरघरीतून, चादरी ओढणाऱ्या रोलरच्या खडखडाटातून तो आवाज पार जिन्यापर्यंत जाई. म्हणून तर तिचं नाव भोंगाआक्का पडलं होतं आणि तिनेही ते मानाच्या पदवीसारखं मिरवलं होतं.

त्या दिवशी मात्र तिच्या लेकीचा, ठकूचा, हळू आवाज सगळ्यांना ऐकू गेला, कारण दारात उभ्या पोरीचा चेहरा बघून घडीवालीने आपणहून मशीन बंद केली. घडीवाली म्हणजे चादरींच्या घड्या घालणारी, आक्काची जुनी मैत्रीण. तिच्या जिभेला धार होती, पण पोरीवर जीव होता.

"आई, नाही म्हणाले," ठकू म्हणाली.

वरच्या मजल्यावरच्या नर्सिंग शाळेत प्रवेशाचा दिवस होता.

"मार्क कमी पडले?"

"मार्कांत मी वरून तिसरी आहे. पण मी या देशाची नाही, म्हणाले."

आक्काने ओले हात पुसले नाहीत, ती जिना चढून सरळ वर गेली. खिडकीमागच्या कारकुनाला तिने जे सुनावलं ते बाह्यरुग्ण विभागातल्या पेशंटांनीही ऐकलं. "अहो, या पोरीला मी याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जन्म दिलाय! हिची दुपटी खाली तळघरात धुतलीत! ही इथली नाही, तर कुठली?"

कारकून बिचारा सज्जन होता. "बाई, माझ्यावर ओरडून काय होणार? वडिलांचा देश तोच मुलांचा देश, असा कायदा आहे. वडील परके, म्हणजे मुलगी परकी. त्यांच्या देशाचा दाखला आणा, परदेशी विद्यार्थिनी म्हणून बघू."

आता हे वडील म्हणजे आक्काचा नवरा. हॉस्पिटलचा बॉयलर बसवायला सीमेपलीकडून आलेला मिस्त्री. बॉयलर बसला आणि मिस्त्रीही इथेच बसला. हसरा, कामसू माणूस. ठकू शाळेत जायला लागली त्या वर्षी तापाने गेला. त्याच्या देशाच्या वकिलातीत आक्का पूर्वीच जाऊन आली होती. तिथे म्हणाले, बापाने हयातीत नोंद केली नाही, आता काही होत नाही. म्हणजे हा देश म्हणतो पोरगी त्यांची, तो देश म्हणतो आमची नाही. दर वर्षी ठकूला परकीय रहिवासी म्हणून परवाना काढावा लागे, त्याच शहरात जिथल्या गल्लीबोळाशिवाय तिने काही पाहिलंच नव्हतं.

खाली आल्यावर आक्का एका पालथ्या टोपलीवर बसली. तिला असं बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

घडीवाली म्हणाली, "सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे ना, तिथे एक वकीलबाई शनिवारी बायकांना कायदा शिकवते. जगाचा कायदा. सगळ्या देशांचा मिळून."

"इथला कायदा मला उभी करत नाही, जगाचा काय करणार?"

"नाही केलं तर नाही. तिथे खुर्च्या तरी आहेत. टोपली मोडशील."

*

खोली लांबट होती. एक खिडकी कधीच नीट लागत नसे, त्यामुळे खालच्या दुकानातले हातोड्याचे ठोके आणि टायरच्या रबराचा वास सतत वर येई. घडीच्या खुर्च्यांवर विणकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शाळा झाडणाऱ्या बाया बसल्या होत्या. वकीलबाई उंच, सडसडीत, चष्मा सारखा नाकावर ढकलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आक्काला उभं केलं आणि म्हणाल्या, "सांगा."

आक्काने सांगितलं. बॉयलरपासून सुरुवात करून तापापर्यंत, परवान्यापासून खिडकीपर्यंत. खोलीतली एकही बाई कोरड्या डोळ्यांनी राहिली नाही.

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "आक्का, मलाही रडू आलं. पण आपल्याला जगाच्या समितीपुढे जायचंय. तिथे रडवून भागत नाही. रडलेला माणूस रुमाल काढतो, पेन काढत नाही. तुम्ही मागितलंत काय?"

 एवढ्या सगळ्या बोलण्यात आक्काने काहीच मागितलं नव्हतं.

मग वकीलबाईंनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली. बायकांशी होणारे सगळे भेदभाव संपवण्यासाठी जगातल्या देशांनी एक करार केला आहे; देश तो पाळतात का, हे ती समिती तपासते. त्यातलं नववं कलम म्हणतं, मुलांना आपलं नागरिकत्व देण्याचा हक्क आईला बापाइतकाच. आणि त्या करारावर आपल्या सरकारनेही सही केली आहे.

"सही केलीय?" आक्काचा भोंगा वाजला. "मग भानगड काय आहे?"

"भानगड अशी, की सही करताना सरकारने एक ओळ लिहून ठेवली. बाकीचं सगळं मान्य. नवव्या कलमातलं मुलांच्या नागरिकत्वाचं, एवढं सोडून."

 मग घडीवाली म्हणाली, "असं करता येतं होय? आमच्या ह्यांनी लग्नात असंच केलेलं दिसतंय. संसार करीन, काम एवढं सोडून."

हास्याचा असा फवारा उडाला की खालच्या सायकलवाल्याचे ठोके थांबले. त्या दिवसापासून "एवढं सोडून" हा त्या खोलीचा परवलीचा शब्द झाला. कोणी उशिरा आली की म्हणायची, सगळे नियम पाळते, वेळ एवढी सोडून.

पण वकीलबाई थांबल्या नव्हत्या. "दुसरा एक करार आहे, लहान मुलांचा. त्यात लिहिलंय, प्रत्येक मुलाला नागरिकत्वाचा हक्क आहे. त्यावरही आपल्या सरकारची सही आहे. आणि तिथे काहीही सोडलेलं नाही. म्हणजे एका दाराला कडी आहे, दुसरं सताड उघडं आहे. आपण दोन्ही दारांवर टकटक करायची."

आक्काला रात्रीची शाळा सोडल्यापासून काही शिकायची सवय नव्हती. पहिले काही शनिवार सगळं डोक्यावरून गेलं. कलम, परिच्छेद, शिफारस, सरकारच्या अहवालासोबत बायकांनी आपला द्यायचा तो पर्यायी अहवाल. वकीलबाई मात्र हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या स्वतः मंत्री व्हायच्या, टेबलामागे बसून जांभया द्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, तुमच्यासारखी किती कुटुंबं असतील? नगण्य!" पहिल्यांदा आक्काने त्यांना डस्टर फेकून मारलं. दुसऱ्यांदा ती रडली. कितव्या तरी खेपेला ती शांतपणे म्हणाली, "साहेब, नगण्य म्हणजे किती? तुम्ही मोजलीत का?" तेव्हा वकीलबाई मंत्रिपद सोडून उठल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली.

*

सरकारने अशी कुटुंबं मोजली नव्हती, मग बायकांनीच घरं शोधायला घेतली. कामाची पाळी संपली की आक्का आणि घडीवाली बंदरामागच्या वस्तीत फिरत. कित्येक दारं तोंडावर बंद झाली. नाव सांगितलं तर उद्या पोलीस येतील, अशी भीती. एका घरात तर एक तरणाताठा मुलगा पडद्यामागे उभा होता. आई सांगत होती, मला मूलबाळ नाही. आक्का पायरीवर बसली आणि तिने ठकूचं सगळं सांगितलं. तेव्हा पडदा हलला. हळूहळू शिंपीण आली, खलाशाची विधवा आली, शाळेतली एक मास्तरीण आली. तिचा नवरा परदेशी पत्रकार, तिची दोन्ही मुलं अशीच अधांतरी.

घरातून मात्र विरोध झाला. आक्काचा थोरला भाऊ सरकारी खात्यात ड्रायव्हर होता. तो येऊन उंबऱ्यातच उभा राहिला.

"सरकारची तक्रार परक्यांकडे करणार तू? माझी नोकरी घालवशील!"

"दादा, ठकूचं आयुष्य जातंय."

"परवाना मिळतोय ना दर वर्षी? काढ की मुकाट्याने. सगळं जग शिकवायला निघालीय!"

तो गेला तो यायचा बंदच झाला. आक्काच्या हे जिव्हारी लागलं. आईबापांमागे याच भावाने तिला वाढवलं होतं.

पुढच्या शनिवारी तिचं तोंड उतरलेलं बघून वकीलबाईंनी विचारलं आणि आक्काने सांगितलं. बोलता बोलता ती म्हणाली, "बरं, त्याची बायको तरी कोण? माझीच नणंद! माझ्या लग्नात हा पठ्ठ्या तिच्यामागे लागला. आता तिला वहिनी म्हणू की नणंद, हे मला अजून कळलेलं नाही."

वकीलबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "थांबा. तुमच्या वहिनी, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या सख्ख्या बहीण? त्याही परदेशी? आणि तुमच्या दादांची मुलं?"

"मुलं इथलीच. थोरला तर पोस्टात लागलाय."

एवढं म्हणाली आणि आक्का स्वतःच थबकली. इतकी वर्षं ही गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर होती. दोन घरं, तेच दोन वंश. एका घरात बाप इथला आणि आई तिकडची, दुसऱ्यात आई इथली आणि बाप तिकडचा. पहिल्या घरातली पोरं देशाची, दुसऱ्यातली पोर कुणाचीच नाही.

"अगं बाई," घडीवाली हळूच म्हणाली, "यात समजवायला काही उरलंच नाही."

*

मोजणीसकट बायकांचा अहवाल समितीकडे गेला. काही महिन्यांनी समितीचं बोलावणं आलं: आधी बायकांच्या संघटनांनी बोलायचं, दुसऱ्या दिवशी सरकारने. वकीलबाईंबरोबर एका बाईला जाता येणार होतं. खोलीत मतं घ्यायचा प्रश्नच आला नाही. "भोंगा पाठवा," सगळ्या एकसुरात म्हणाल्या.

ठकू विमानतळावर सोडायला आली. तिच्याकडे पासपोर्ट असणं शक्यच नव्हतं. आईच्या कोटाची कॉलर नीट करत ती म्हणाली, "आई, माझ्याबद्दल बोलताना मी बिचारी आहे असं सांगू नकोस हं. मी वरून तिसरी आहे असं सांग."

ते शहर थंड आणि टापटिपीचं होतं. सभागृह एवढं मोठं, की त्यात धुलाई विभाग आणि वरचे सगळे वॉर्ड मावले असते. अर्धवर्तुळात तज्ज्ञ बायका, कानांना यंत्रं, भिंतीत काचेच्या खोल्या आणि त्यात बसलेले दुभाषे.  आक्काची पाळी आली, समोरचा लाल दिवा लागला आणि सवयीने तिने तळघरातला आवाज लावला:

"नमस्कार!"

काचेमागच्या दुभाष्याने कानांवरचं यंत्र ओढून काढलं आणि तो अर्धा उठलाच. सभागृहात हसू फुटलं. अध्यक्षबाईही हसल्या. आक्काला वाटलं, संपलं सगळं. पण त्या हसण्यात टवाळी नव्हती. सायकलच्या दुकानावरच्या खोलीतही बाया अशाच हसत. तिच्या जिवात जीव आला. तिने माइक थोडा दूर सारला आणि बोलायला लागली, माणसाशी बोलतात तशी.

"माफ करा. मी हॉस्पिटलच्या चादरी धुते, मशिनींशी बोलायची सवय आहे. माझा नवरा परदेशी होता. माझ्या भावाने माझ्या नवऱ्याच्या बहिणीशी लग्न केलं. भावाची मुलं आमच्या देशाची नागरिक आहेत. माझी मुलगी कुठलीच नाही. ती हुशार आहे, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत वरून तिसरी आली, तरी तिला प्रवेश नाही. दोन्ही घरांत फरक एकच. त्या घरात बाप इथला, माझ्या घरात आई इथली. तुमच्या कराराचं नववं कलम म्हणतं, दोघांचा हक्क सारखा. आमच्या सरकारने सही करताना तेवढं सोडलं. पण मुलांच्या करारावर सही करताना काहीच सोडलं नाही. आम्ही दोन गोष्टी मागतो: कायदा बदला, आणि ती 'एवढं सोडून'ची ओळ परत घ्या. उद्या आमचं सरकार या खुर्च्यांवर बसेल. त्यांना माझ्यातर्फे एवढंच विचारा: माझी मुलगी कोणत्या देशाची?"

लाल दिवा विझायच्या आत तिचं बोलून झालं होतं. वकीलबाईंनी टेबलाखाली तिचा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी सरकारची माणसं आली, एकसारख्या सुटांमधली. त्यांच्या प्रमुखांनी रस्ते, शाळा, दवाखाने यांची बरीच माहिती दिली. आक्का मागच्या रांगेत बसली होती. मग समितीतल्या एका वयस्क तज्ज्ञबाईने बोट वर केलं. केस पांढरे शुभ्र, आवाज अगदी मऊ.

"काल आम्ही एका आईला ऐकलं. तिच्या मुलीचा जन्म तुमच्या देशातल्या हॉस्पिटलात झाला आणि तिची आई तुमची नागरिक आहे. माझा एकच प्रश्न आहे. ती मुलगी कोणत्या देशाची?"

प्रमुखांनी कागद उलटले. शेजाऱ्याच्या कानाला लागले. शेजाऱ्याने पलीकडच्याला विचारलं. पलीकडच्याने चष्मा काढला.

"अशी प्रकरणं... नगण्य आहेत," प्रमुख म्हणाले.

"नगण्य म्हणजे किती?" तज्ज्ञबाईंनी तितक्याच मऊपणे विचारलं. "आमच्याकडे बायकांनी घरोघरी फिरून केलेली मोजणी आहे. तुमची आहे का?"

"आम्ही लेखी उत्तर देऊ."

आक्काने तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर भोंगा तिथेच वाजला असता.

बाहेर व्हरांड्यात प्रमुख तिच्यासमोर आले. "बाई, तुम्ही देशाची लाज काढलीत."

"साहेब, मी देशाला एक नर्स देतेय," आक्का म्हणाली. "घेत नाही ते तुम्ही."

संध्याकाळी ठकूचा फोन आला. दोन्ही दिवस सभा इंटरनेटवर थेट दिसत होती. धुलाई विभागातल्या सगळ्या बाया मामांच्या घरी जमल्या होत्या.

"मामांच्या? दादाच्या घरी?"

"मामींनी बसवलं त्यांना. म्हणाल्या, माझ्या भावाची लेक आहे ती, न बघता उठलास तर बघ. काल तू सुरुवात केलीस तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. दोन्ही घरांचं सांगितलंस ना, तेव्हा वळले. आई, मामा ढसाढसा रडले गं."

*

समितीने लिहून दिलं: कायदा बदला, 'एवढं सोडून'ची ओळ परत घ्या. पण समितीच्या लिहिण्याने कायदा आपोआप बदलत नाही, हे वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खरी लढाई घरी आल्यावर सुरू झाली. बाया ती शिफारस घेऊन खासदारांच्या दारोदार गेल्या, रेडिओवर बोलल्या. पडद्यामागे लपलेल्या मुलाची आई तर चौकात खुर्चीवर उभी राहून बोलली आणि त्या मुलाने तिची खुर्ची धरली होती. दादा सुटीच्या दिवशी मित्राची गाडी मागून आणायचा आणि लांबच्या वस्त्यांतल्या बायांना सभेला न्यायचा. "नोकरी गेली तर?" आक्काने चिडवलं. "तुझ्या हाताखाली चादरी धुवीन," तो म्हणाला.

संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. एक जाडजूड सदस्य टेबलावर हात आपटून म्हणाले, "बाहेरच्या लोकांनी आम्हाला शिकवायचं कारण नाही!"

आक्का उभी राहिली. "साहेब, बाहेरच्यांना हे सांगायला आम्हीच गेलो होतो. इथे कोणी ऐकलं असतं, तर एवढ्या थंडीत कशाला गेलो असतो?"

पत्रकारांच्या बाकावर पेनं धावायला लागली. दुसऱ्या दिवशी शहरभर तेच वाक्य.

नव्या कायद्याचा मसुदा निघाला तेव्हा खोलीत जल्लोष झाला. ठकू तो वाचत बसली होती. वाचता वाचता तिचं हसू मावळलं. "आई, यात लिहिलंय, यापुढे जन्मणाऱ्या मुलांना. मग माझं काय?"

"म्हणजे पुन्हा एवढं सोडून!" घडीवाली ओरडली.

या वेळी आक्का मागे बसली आणि तिने ठकूला पुढे केलं. वकीलबाईंनी तिला तयार केलं, आईसारखंच, मंत्री होऊन, जांभया देऊन. सदस्यांसमोर ठकूचा आवाज कापला नाही. "माझ्यानंतर जन्मणाऱ्या बाळांना मी या देशाच्या हॉस्पिटलात हातात घेईन, अशी माझी इच्छा आहे," ती म्हणाली. "ती बाळं नागरिक आणि त्यांना हातात घेणारी परकी, असं करू नका."  मतदानाच्या वेळी सगळ्यात आधी त्या जाडजूड सदस्यांचाच हात वर गेला. आधी जन्मलेल्यांनाही नागरिकत्व, असा बदल करून कायदा मंजूर झाला. ओळही परत घेतली गेली.

नोंदणी सुरू झाली त्या सकाळी कार्यालयासमोरची रांग कोपऱ्यावरून वळून मागच्या रस्त्यापर्यंत गेली होती. नोंदणीचा कागद घेऊन ठकू प्रवेशासाठी नर्सिंग शाळेकडे धावली. आक्का घरी गेली नाही. वकीलबाई आणि ती, दोघी रांगेतल्या बायांना कुठे काय द्यायचं ते समजावत होत्या.

रांगेत एक खूप म्हातारी बाई उभी होती, कमरेत वाकलेली, काठी टेकत. तिने शेजारच्या माणसाचं मनगट घट्ट धरलं होतं. माणूस टकला, मिशा पांढऱ्या, स्वतःच आजोबा शोभेल असा.

"आजी, तुम्ही बसा, मी जागा धरते," आक्का म्हणाली. "हे कोण? भाऊ का?"

"भाऊ कसला! पोरगा आहे माझा," आजी ठसक्यात म्हणाली. "इतकी वर्षं म्हणत होते, हा तुमचा नाही. आज याचा हात सोडायची नाही मी."

पांढऱ्या मिशांचा पोरगा लाजून खाली बघत होता. "आई, अगं, लोक बघतायत."

"बघू देत!" आजी म्हणाली आणि रांग सरकली तशी त्याला ओढत पुढे निघाली.

मग आक्काने जो आवाज लावला, तो मागच्या रस्त्यावरच्या शेवटच्या बाईपर्यंत गेला:

"बाजूला व्हा गं! आजी पोराला घेऊन येतायत, त्यांना पुढे जाऊ द्या!"